आजीनंतर काकाचे काय?

गेल्या वर्षी समाजशास्त्राच्या तासाला कुटुंबसंस्थेवर चर्चा चालू होती. एकत्र कुटुंबे मोडली म्हणून वृद्धाश्रम निघाले, असे सर्वसाधारण मत वर्गात पडले. मीही मान डोलावली आणि वहीत तसे लिहून घेतले. त्याच आठवड्यात आमची आजी न्हाणीघरात पाय घसरून पडली आणि तिला नऊ दिवस दवाखान्यात राहावे लागले. वहीतले ते वाक्य मला पुढे खोडावे लागले, त्याची ही हकीकत आहे. तिच्या ओघात जी माहिती हाती आली ती आणखी काही घरांना उपयोगी पडेल असे वाटल्यावरून येथे मांडतो.

आमच्या घरी बाबांचा धाकटा भाऊ आहे. वय ४९. आम्ही मुलांनी त्याला कधी अहो-जाहो केले नाही, कारण आमच्या लहानपणी तो आमच्यातच खेळत असे. आम्ही मोठे झालो, तो तेथेच राहिला. त्याच्या बुद्धीची वाढ पाच-सहा वर्षांच्या मुलाइतकीच झाली आहे. पूर्वी याला मतिमंदत्व म्हणत. आता बौद्धिक अक्षमता म्हणतात. शिवाय त्याला मिरगी आहे, सकाळ-रात्र गोळ्या लागतात. काकाला वीसपर्यंत मोजता येते. पहाटे नळ आला की घरातले सारे पाणी तोच भरतो. नळाची वेळ त्याला घड्याळाशिवाय कळते. त्याचे जेवण, गोळ्या, दाढी, नखे हे सारे आजीकडे. आजी ७६ वर्षांची आहे.

त्या नऊ दिवसांत काका दारातच बसून राहिला. गोळी आजीच्या हातची असेल तरच घ्यायची, हा त्याचा नेम. आईच्या हातची त्याने थुंकून टाकली. पाचव्या दिवशी त्याला झटका आला. दवाखान्यात आजीला हे सांगायचे नाही असे ठरले होते, पण तिने बाबांच्या तोंडावरून ओळखले.

"माह्या मागं याले कोन पाहीन?" ती म्हणाली.

"मी आहे ना, आई."

"तुह्यं वय का कमी हाय? अन् तुह्या मागं?"

असे म्हणून तिने माझ्याकडे पाहिले. मी खिडकीबाहेर पाहू लागलो. घरी आल्यावर बाबांनी प्रथमच तो शब्द उच्चारला : एखादी संस्था पाहावी का? त्या रात्री आमच्या घरी कोणी नीट जेवले नाही.

आपल्याकडे 'संस्थेत ठेवणे' या शब्दांना एक काळी किनार आहे. श्रावणबाळाची गोष्ट ऐकत वाढलेल्या समाजात ती असायचीच. परंतु या संस्थांचा इतिहास चाळला तेव्हा मला वेगळेच दिसले. पुण्याचे डेव्हिड ससून अनाथ पंगू गृह, ज्याला आज 'निवारा' म्हणतात, ते १८६० च्या दशकातले. आपल्या नागपुरात कमलाताई होस्पेट आणि वेणूताई नेने यांनी १९२१ साली मातृसेवा संघ काढला. कमलाताईंना लहान वयात वैधव्य आलेले; परिचारिकेचे शिक्षण घेऊन त्या या कामात पडल्या. सुरुवात प्रसूतिगृहापासून झाली. पुढे याच संस्थेने मतिमंद मुलांसाठी शाळा काढली, समाजकार्याचे महाविद्यालय काढले आणि 'पंचवटी' हा वृद्धाश्रमही चालवला. अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली तपोवन उभे केले; वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनी १९४९ साली आनंदवन. ही दोन्ही कुष्ठरोग्यांसाठी.

या साली लक्षात घ्याव्यात. या संस्था निघाल्या त्या काळी एकत्र कुटुंब चांगले नांदत होते. तरीही त्या काढाव्या लागल्या, कारण त्या नांदत्या कुटुंबाच्या पंगतीत विधवेला, कुष्ठरोग्याला, पांगळ्याला पाट नव्हता. तेव्हा कुटुंबे मोडली म्हणून आश्रम आले, हे वर्गातले सूत्र फार तर अर्धे खरे. जी घरे मोडली नाहीत त्यांतही आजीसारखी एखादी बाई सारा भार एकटी वाहत असते आणि बाकीचे कुटुंब त्याला एकत्र कुटुंबाचे बळ म्हणते. आमचे घर असेच होते.

आता काकाच्या प्रश्नाकडे वळतो. शोध सुरू केला तेव्हा पहिली अडचण वयाची निघाली. वृद्धाश्रमात बहुधा साठीच्या पुढच्यांना घेतात. बालगृहाचा दरवाजा अठराव्या वर्षी बंद होतो. बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे त्यानंतर अनुरक्षण गृहाची सोय आहे, तीही साधारण एकविसाव्या वर्षापर्यंत. मधल्या चाळीस वर्षांचे काय? ज्याला स्वतःच्या पायावर उभेच राहता येणार नाही, त्याने अठराव्या वाढदिवशी कोठे जावे?

हा प्रश्न आपल्या विदर्भात एका माणसाने वर्षानुवर्षे लावून धरला आहे. अमरावती जिल्ह्यात परतवाड्याजवळ वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर हे टाकून दिलेल्या मतिमंद, मूकबधिर, अंध मुलांचे बालगृह चालवतात. मुलांना त्यांनी स्वतःचे नाव दिले, त्यांच्याकडून माळावर झाडे लावून घेतली, कित्येकांची लग्ने लावली. अठरा वर्षांनंतरही अशा मुलांना त्याच संस्थेत आजन्म राहता यावे, तसा कायदा व्हावा, ही त्यांची मागणी. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी त्यांच्या बालगृहात वाढलेली एक अंध मुलगी लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाली, हे वर्तमानपत्रांतून आपण वाचले असेल. अठराव्या वर्षी तिला बाहेर काढले असते तर ती बातमी छापून आली असती का, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

प्रौढ दिव्यांगांसाठी निवासी संस्था आहेत, पण थोड्या. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ हा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता या चार प्रकारच्या व्यक्तींसाठी आहे. त्याखाली 'घरौंदा' नावाची प्रौढांच्या सामूहिक निवासाची योजना आणि 'निरामय' हा एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ प्रमाणे दिव्यांगांची कोणतीही संस्था नोंदणी प्रमाणपत्रावाचून चालवता येत नाही. म्हणून संस्थेत गेल्यावर प्रथम हे प्रमाणपत्र पाहावे, त्याची मुदत पाहावी, आणि संस्था न्यास असेल तर धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी क्रमांक विचारावा. सरळ कारभार असेल तर कागद दाखवायला कोणी कुरकुर करीत नाही. आम्हाला एका ठिकाणी सांगण्यात आले, "कागदाचं काय घेऊन बसलात, आम्ही माणुसकीवर चालतो." आम्ही चहा न घेता उठलो.

एप्रिल-मेमध्ये आम्ही शहरात आणि शहराबाहेर मिळून पाच ठिकाणे पाहिली. नावे देत नाही, कारण एका भेटीवरून कोणाला बरे-वाईट ठरवणे न्यायाचे नाही. पण काय पाहावे हे त्या पाच भेटींनी शिकवले.

सर्वांत मोठा धडा वेळेचा. पहिल्या ठिकाणी आम्ही फोन करून सकाळी दहाला गेलो. अंगणात सडा, फळ्यावर सुविचार, सारे स्वच्छ. परत येताना आजी म्हणाली, "पोरगी पाहायले गेल्यासारखं झालं." पुढची भेट आम्ही न कळवता, मे महिन्यात, दुपारी दोन वाजता दिली. नागपूरचा उन्हाळा काही लपवू देत नाही. कूलर कचेरीत चालू होता आणि माणसांच्या खोलीत बंद. माठ होता, पण पलंगावरून उठू न शकणाऱ्यांच्या हाताशी पाण्याचा पेला नव्हता. सारे जण निजले होते. ते झोपेने निजले आहेत की औषधाने, हे मला सांगता आले नाही. आपल्या भागात कोणाला संस्था पाहायची असेल तर ती मे महिन्याच्या दुपारी पाहावी आणि पुन्हा एकदा रात्रीच्या जेवणाच्या वेळी.

दुसरे म्हणजे माणसे पाहावीत, इमारत मागाहून. आजी प्रत्येक ठिकाणी प्रथम तेथे राहणाऱ्यांच्या पायांकडे पाही. नखे कापलेली आहेत का, टाचा धुतलेल्या आहेत का. ज्याला स्वतःची नखे कापता येत नाहीत, त्याची कोणीतरी कापतो की नाही, यावरून बाकीचे कळते असे ती म्हणे. दोरीवर वाळत घातलेले कपडेही ती निरखी. एका ठिकाणी प्रत्येक सदऱ्याच्या कॉलरला आतून दोऱ्याने नाव टाचलेले होते. दुसऱ्या ठिकाणी सारे कपडे एका ढिगात, ज्याला जो मिळेल तो. सेवक माणसांना नावाने हाक मारतात की 'ए' म्हणून, हेही ऐकावे. स्नानगृहाला आतून कडी आहे का, आणि राहत्या खोलीला बाहेरून कडी आहे का, हे दोन्ही पाहावे. पहिली असावी, दुसरी नसावी.

तिसरे, रात्रीचा प्रश्न. दिवसा सहा माणसे कामावर असतात, रात्री किती? आम्ही एका ठिकाणी विचारले तेव्हा चाळीस जणांमागे रात्री एकच माणूस असल्याचे कळले, आणि तोही फाटकाच्या खोलीत. काकाला झटका रात्रीच येतो. गोळ्या कोण देतो, त्याची वहीत नोंद होते का, डॉक्टर किती दिवसांनी येतात, मेडिकल किंवा मेयोत न्यायची वेळ आली तर गाडी कोणाची आणि सोबत कोण, हे विचारावे. आजार वाढल्यास संस्था माणसाला परत पाठवते का, हे तर लेखी घ्यावे. पुष्कळ ठिकाणी 'हिंडता-फिरता असेपर्यंत' अशी अट असते आणि ती प्रवेशाच्या दिवशी कोणी वाचत नाही.

चौथे, पैसा. आम्हाला महिन्याला ९ हजारांपासून १८ हजारांपर्यंत आकडे सांगण्यात आले. पण खरी मेख अनामत आणि देणगी या दोन शब्दांत आहे. अनामत परत मिळते, देणगी मिळत नाही. पावतीवर कोणता शब्द आहे ते पाहूनच पैसे द्यावेत. औषधे, डायपर, दवाखाना यांचा खर्च महिन्याच्या रकमेत धरला आहे का, माणूस पंधरा दिवसांत परत आला तर किती रक्कम मिळेल, हेही विचारावे. लाज वाटते खरी, आम्हालाही वाटली. पण मागाहून भांडण्यापेक्षा ती बरी.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी आम्हाला जवळजवळ वीस वर्षे ठाऊक नव्हती. आजोबा रेल्वेत, अजनीच्या शेडमध्ये होते. त्यांच्यामागे आजीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. सरकारी किंवा रेल्वे कर्मचाऱ्याचे अपत्य अपंगत्वामुळे स्वतः कमावू शकत नसेल, तर आई-वडिलांनंतर ते निवृत्तिवेतन त्या अपत्याला आजन्म मिळू शकते. त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागते, आणि आई किंवा वडील हयात असतानाच त्याचे नाव निवृत्तिवेतनाच्या कागदात चढवून घेता येते. नंतर धावपळ करण्यापेक्षा हे आधी करणे किती सोपे, हे सांगायला नको. ज्यांच्या घरी असे कोणी असेल त्यांनी हा परिच्छेद वडीलधाऱ्यांना वाचून दाखवावा.

दुसरी अज्ञात गोष्ट पालकत्वाची. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर कायद्याच्या दृष्टीने काका सज्ञान झाला आणि आजीचे त्याच्यावरील पालकत्व आपोआप संपले. बँकेत, दवाखान्यात सही कोणाची, हा प्रश्न तेव्हापासून लोंबकळत होता. राष्ट्रीय न्यास अधिनियमाखाली प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते. तिच्याकडे अर्ज करून कायदेशीर पालक नेमून घेता येतो. आम्ही बाबांच्या नावाने अर्ज केला आहे.

केवळ वृद्ध व्यक्तीचा प्रश्न असेल तर आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ माहीत असावा. मुले सांभाळत नसतील तर आई-वडिलांना न्यायाधिकरणाकडे अर्ज करून महिन्याला कमाल १० हजार रुपयांपर्यंत निर्वाह खर्च मागता येतो. वकील लावावा लागत नाही. सांभाळण्याच्या अटीवर घर कोणाच्या नावे करून दिले आणि त्याने सांभाळले नाही, तर ते हस्तांतरण रद्द करवून घेता येते. मात्र ती अट कागदात स्पष्ट लिहिलेली असावी. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा राष्ट्रीय साहाय्य क्रमांकही आहे.

हे सारे आम्ही वहीत मांडत होतो. रकाने पाडून गुण देत होतो. चौथ्या भेटीहून परतल्यावर आजीने चहा ओतता ओतता विचारले, "अन् त्याले कोनी इचारलं का?"

कोणी विचारले नव्हते. चार ठिकाणी आम्ही काकाला घरी शेजाऱ्यांकडे बसवून गेलो होतो. पुढे कायदा वाचताना मला दिसले की २०१६ च्या अधिनियमाच्या पाचव्या कलमात नेमके हेच आहे : दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे आणि तिच्यावर एखाद्या विशिष्ट निवासव्यवस्थेत राहण्याची सक्ती करता येत नाही. भारताने २००७ साली मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातही ते आहे. चौथी शिकलेल्या आजीला ते कोणी शिकवले नव्हते.

मग काकाला घेऊन आम्ही पुन्हा निघालो. आमच्या गुणपत्रिकेत पहिल्या आलेल्या ठिकाणी फरशी चकचकीत होती, दूरदर्शन संच होता. काका सगळीकडे हिंडून आला आणि म्हणाला, "मी नाई राहत इथं. नळच नाई." नळ होते, पण भिंतीआड, पाणी भरण्याचे काम तेथे कोणालाच नव्हते. सारे जण दिवसभर खुर्च्यांवर बसून होते. तेव्हा मला आनंदवनाचे मर्म थोडे उमगले. बाबा आमट्यांनी तेथे बोटे झडलेल्या माणसांना विहीर खणायला, शेती करायला लावले. दया दाखवून बसवून ठेवले नाही. काकाला नळ हवा होता, तो याच अर्थाने.

पाचवे ठिकाण साधे होते. पत्र्याचे छप्पर, वर वाळ्याचे ताटवे, मागे भाजीचा तुकडा. आम्ही कचेरीत बोलत असताना तेथील एका वृद्ध गृहस्थांनी काकाच्या हाती बादली दिली आणि वांग्यांना पाणी घालायला नेले. अर्ध्या तासाने काका आला तो गुडघ्यापर्यंत भिजलेला. "वीस बादल्या," त्याने सांगितले. खरोखरी किती होत्या कोण जाणे; वीसच्या पुढे तो मोजत नाही. त्या ठिकाणी रात्री दोन माणसे असतात, प्रमाणपत्र भिंतीवर लावलेले आहे, आणि नातेवाइकांना केव्हाही न कळवता येण्याची मुभा आहे. या शेवटच्या गोष्टीला मी आता सर्वांत जास्त गुण देईन. आजीने एकच प्रश्न विचारला : माणूस गेला तर त्याचे सारे कोण करते? व्यवस्थापक बाईंनी शांतपणे सांगितले की घरच्यांना बोलावतो, आणि कोणी आले नाही तर आम्ही करतो. आजीने मान हलवली.

आम्ही काकाला एकदम ठेवले नाही. दिवाळीच्या सुटीच्या आधी आठ दिवस ठेवून पाहिले. सोबत त्याची स्वतःची बादली दिली, आणि गोळी निराळ्या हाताने घेण्याची सवय दोन महिने आधीपासून घरीच लावली : आधी आजीने माझ्या हातात हात धरून दिली, मग मी एकट्याने. पहिल्या दोन रात्री तो रडला. तिसऱ्या दिवशी आजीनेच पिशवी भरली, त्याला घेऊन या म्हणाली. बाबांनी कसेबसे थांबवले. आठव्या दिवशी घरी येऊन काका दारात बसला, वांगी किती मोठी झाली ते हाताने दाखवले, आणि विचारले, "आता कवा जाचं?" आजी आत गेली. ती खूश झाली की दुखावली, हे मला कळले नाही, बहुधा दोन्ही.

सध्या तो महिन्यातून दहा दिवस तेथे असतो. आजी आहे तोवर असेच चालेल. पुढे दिवस वाढतील. आजी धडधाकट असतानाच हे सुरू झाले, म्हणून ती स्वतः जाऊन पाहू शकते, चुका काढू शकते, सेवकांना त्याच्या खोडी सांगू शकते. ज्या घरी असा प्रश्न आहे त्यांनी तो करणारे माणूस अंथरुणाला खिळेपर्यंत ठेवू नये, एवढेच मला सांगायचे आहे.

प्रवेशअर्जात एक रकाना होता : 'जबाबदार नातेवाईक, क्रमांक १' आणि खाली 'क्रमांक २'. पहिल्यात बाबांनी आपले नाव लिहिले. दुसऱ्यापाशी त्यांचा पेन थांबला. आजी समोरच बसली होती, पण या वेळी तिने माझ्याकडे पाहिले नाही. मी पेन घेतला आणि माझे नाव लिहिले.